चवथीत लॅपटॉप कधी उघडायचा? गोव्यातल्या एकट्या डेव्हलपरसाठी सुट्टीची तयारी

नोकरी करणाऱ्याच्या सुट्ट्यांची यादी कंपनी लावते. स्वतंत्र काम करणाऱ्या डेव्हलपरला कोणी सुट्टी देत नाही आणि तो स्वतःही कधी धडपणे घेत नाही. मग एका हाताने माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीला, सुपारीचं शिपटं बांधायचं आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरायचा, असं चालू राहतं. गोव्यात हा घोळ दुप्पट असतो. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येते ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात, नेमकी युरोपातली मंडळी उन्हाळी रजा संपवून कामाला लागलेली असतात तेव्हा. अमेरिकेतल्यांना सप्टेंबरची तिमाही गाठायची असते. डिसेंबरात त्यांची ऑफिसं बंद होतात, तर आपल्याकडच्या होमस्टे, हॉटेल आणि टॅक्सीवाल्यांचा धंदा ऐन भरात येतो. बाहेरचे आणि गावचे असे दोन्हीकडचे क्लायंट असले, की वर्षात एकही आठवडा मोकळा सापडत नाही.

‘सणात लॅपटॉपला हातच लावणार नाही’ ही प्रतिज्ञा एकट्या माणसाने करू नये असं माझं मत आहे. ती दुसऱ्या दिवशी मोडते आणि मग दिवसभर चोरून मेल बघणं सुरू होतं. त्यापेक्षा रोज एक तास उघडपणे, घरच्यांना आणि क्लायंटला सांगून काम करावं आणि उरलेला दिवस खरोखर घरात असावं. हा एक तास पुरायला हवा असेल, तर त्याची तयारी तीन आठवडे आधीपासून करावी लागते.

तीन आठवडे आधी: तारखा मांडा

कॅलेंडर उघडून सणाच्या आठवड्यात काय काय येऊन आदळणार आहे ते लिहून काढा. २०२६ सालचंच बघा. चवथ १४ सप्टेंबरला, सोमवारी. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन १५ तारखेला आणि आगाऊ आयकराच्या दुसऱ्या हप्त्याची शेवटची तारीखही तीच. जीएसटी दर महिन्याला भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) आदल्या शुक्रवारी ११ तारखेला, आणि ३बी (कर भरायचं विवरण) २० तारखेला, म्हणजे कुंभारजुव्यात सांगोड (होड्यांवरचा विसर्जनाचा सोहळा) असतो त्या सातव्या दिवशी. हे सगळं तयच्या (हरतालिकेच्या) आधी उरकून टाका. रांगोळी अर्धी टाकून ओटीपीची वाट बघत बसण्यात काही अर्थ नाही.

मग सर्व्हरच्या तारखा. डोमेन कधी संपतात, साइट सुरक्षित दाखवणारी सर्टिफिकेट कधी संपतात, कार्ड कधी संपतं. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि ते आपोआप नवं होतं असं आपण धरून चालतो. पूर्वी ते झालं नाही तर आठवणीची मेल यायची. जून २०२५ पासून त्यांनी ती मेल बंद केली आहे. विकतचं सर्टिफिकेटही आता वर्षभराचं मिळत नाही: १५ मार्च २०२६ पासून कमाल मुदत २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. तेव्हा प्रत्येक डोमेनची तारीख बाहेरून तपासणारी एखादी सेवा लावा आणि वीस दिवस उरले की इशारा येईल असं करा.

कार्डाचं प्रकरण खास भारतीय. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून आपोआप कापले जाणारे पैसे १५,००० रुपयांपर्यंत ओटीपीशिवाय जातात, त्यावर नाही. एरवी बारा हजार येणारं हॉस्टिंगचं बिल डॉलर वधारल्यामुळे किंवा गर्दीमुळे सोळा हजारांवर गेलं की ते अडकतं. सत्तरी तालुक्यात गावच्या घरी रेंज नाही म्हणून ओटीपी येत नाही आणि सेवा थांबवण्याची नोटीस मात्र मेलमध्ये पडून राहते. सोय असेल तिथे सणाआधीच थोडे पैसे आगाऊ भरून ठेवा.

याच कारणासाठी गिटहब, क्लाउड, डोमेनवाला अशा सगळ्या खात्यांचं दुहेरी लॉगिन एसएमएसवरून ऑथेंटिकेटर अॅपवर न्या, आणि बॅकअप कोड कागदावर छापून पाकिटात ठेवा. कागदावरच. फोन विहिरीत पडला तर कोडही त्याच्याबरोबर जायला नकोत.

दहा दिवस आधी: क्लायंटला काय कळवायचं

बहुतेक जण ‘मी अमुक दिवस उपलब्ध नसेन’ एवढंच कळवतात. त्याने क्लायंट घाबरतो आणि नेमका त्याच दिवशी फोन करतो. त्याला चार गोष्टी हव्या असतात: तुम्ही कधी नाही, रोज कधी आहात, तातडीचं म्हणजे काय, आणि त्याची कामं कधीपर्यंत दिली तर होतील. कांदोळीच्या एखाद्या होमस्टेवाल्याला व्हॉट्सअॅपवर असं पाठवता येईल:

‘नमस्कार भाऊ, १३ ते १९ सप्टेंबर मी चवथीला गावी आहे. रोज दुपारी ३ ते ४ मेसेज बघेन. साइट उघडतच नाही, पैसे कापले पण बुकिंग आलं नाही, किंवा एकाच खोलीची दोन बुकिंग झाली, तर थेट फोन करा. उचलला नाही तर लगेच पुन्हा लावा. फोटो, दर, मजकूर बदलायचे असतील तर ७ तारखेपर्यंत पाठवा. त्यानंतर आलेलं २१ पासून हातात घेईन.’

‘लगेच पुन्हा लावा’ हे मुद्दाम लिहिलं आहे. आरतीच्या वेळी फोन शांत ठेवला, तरी थोड्या वेळात त्याच नंबरवरून दुसरा कॉल आला तर वाजू द्यायची सोय अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत असते. ती चालू करा आणि घरून दुसऱ्या फोनवरून एकदा तपासून बघा.

परदेशी क्लायंटला हीच चार कलमं मेलने जातील. त्याला चवथ म्हणजे काय हे दोन ओळींत सांगा. ‘पर्सनल लीव्ह’ लिहून मोकळं होऊ नका. घरचा मोठा सण आहे म्हटलं की समोरचाही समजून घेतो, आणि पुढच्या वर्षी स्वतःच तारखा विचारतो. पण घड्याळ बघून तास ठरवा. सप्टेंबरात लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड आणि न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे संध्याकाळचे साडेसहा. साडेसहाला वाड्यावर आरतीचं घुमट (मातीचं वाद्य) वाजायला सुरुवात झालेली असते. म्हणून अमेरिकेतल्या क्लायंटला दुपारच्या तासातच दिवसाचा निरोप लिहून ठेवायचा. तो उठेल तेव्हा वाचेल. उत्तराला उत्तर दुसऱ्या दिवशी.

तातडीच्या कामाचा दर करारातच वेगळा लिहिलेला बरा. दीडपट म्हणा, दुप्पट म्हणा, पण लिहून. दर लिहिला की ‘जरा लोगो डावीकडे घ्याल का’ हे काम आपसूक २१ तारखेपर्यंत थांबतं.

जोडीदार शोधा

गोव्यातल्या डेव्हलपरला एक सोय आहे, तिचा फायदा फार कमी जण घेतात. तुमची चवथ असते तेव्हा तुमच्या ख्रिश्चन मित्राचं घर शांत असतं, आणि नाताळात तो कुटुंबात असतो तेव्हा तुम्ही मोकळे असता. दोघांनी एकमेकांचे सर्व्हर सांभाळायची अदलाबदल करायची. पैशांचा हिशेब स्पष्ट ठेवा. सांभाळायचे पाच-सहा दिवस दोघांचे सारखे असतील तर फिटंफाट, मात्र प्रत्यक्ष दुरुस्ती करावी लागली तर तासाप्रमाणे पैसे. दोस्तीत हिशेब कशाला म्हणणाऱ्यांची अदलाबदल एकाच वर्षात बंद पडते.

जोडीदाराला स्वतःचा पासवर्ड देऊ नका. त्याच्यासाठी सर्व्हरवर वेगळा युजर आणि त्याची स्वतःची की, म्हणजे लॉगिनची डिजिटल किल्ली. सेवा पुन्हा सुरू करणं, लॉग बघणं, मागची आवृत्ती परत चढवणं, इतकेच अधिकार. सण संपला की तो युजर बंद. आणि क्लायंटला हे आधी कळवून त्याची लेखी हरकत-नाही घ्या. त्यांच्या ग्राहकांचा डेटा आहे, तुमच्या बापाचा नव्हे.

त्याच्या हाती एक पान द्यायचं. एकच पान, कारण रात्री अकराला कोणी दहा पानं वाचत नाही. त्यावर काय असावं? एक नमुना:

‘साइट उघडत नाही: आधी डिस्क बघ. भरली असेल तर जुने, गुंडाळलेले लॉग काढ. डेटाबेसच्या फोल्डरला हात लावू नकोस. डिस्क ठीक असेल तर अॅप एकदाच रीस्टार्ट कर. तरी उठलं नाही तर मागची आवृत्ती चढव, कमांड खाली आहे. तेही नाही झालं तर ‘काम चालू आहे’ पान लाव आणि मला गावच्या लँडलाइनवर फोन कर.’

‘एकदाच’ आणि ‘हात लावू नकोस’ हे शब्द या पानातले सर्वांत मोलाचे. काय करायचं ते हुशार माणसाला सुचतंच. कुठे थांबायचं ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर सुचत नाही. पान लिहून झालं की जोडीदाराला तुमच्या चाचणीच्या सर्व्हरवर ते करून बघायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. तो जिथे अडेल तिथे पान दुरुस्त करा.

आठवडा आधी: कोड फ्रीझ

सणाच्या आदल्या शुक्रवारी नवं फीचर चढवायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे तेच करतात. चार दिवस आधीच थांबा, यालाच कोड फ्रीझ म्हणतात. शेवटच्या डिप्लॉयनंतर (नवा कोड सर्व्हरवर चढवल्यावर) निदान दोन कामाचे दिवस तुम्ही टेबलाशी असायला हवेत, कारण बऱ्याच चुका रात्रीच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) किंवा सोमवारच्या गर्दीत बाहेर येतात.

फ्रीझला एक अपवाद, सुरक्षेचा पॅच. लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीमधली (तयार कोडच्या संचातली) भयंकर भेग ९ डिसेंबर २०२१ च्या सुमारास जगजाहीर झाली आणि जावावर काम करणाऱ्या कित्येकांचा त्या वर्षीचा नाताळ पॅच लावण्यात गेला. त्याच वर्षी अमेरिकेच्या ४ जुलैच्या सुट्टीच्या तोंडावर, २ जुलैला, कसेया या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून खंडणीखोरांनी हल्ला केला होता. ऑफिसात माणूस कमी असतो तो मुहूर्त चोर बरोबर साधतात. म्हणून कुठल्या प्रकल्पात कुठली लायब्ररी कुठल्या आवृत्तीची आहे, याची यादी फोनमध्ये सापडेल अशी ठेवा. बातमी आली की ‘आपल्याला लागू आहे का’ याचं उत्तर दोन मिनिटांत मिळायला हवं.

बॅकअप याच आठवड्यात उतरवून बघा. नुसती फाइल आहे का ते बघून चालत नाही. रिकाम्या मशीनवर डेटाबेस परत उभा करा, त्यात कालचं शेवटचं बुकिंग दिसतंय का बघा, आणि याला किती मिनिटं लागली ते जोडीदाराच्या पानावर लिहा.

गावच्या घरात: वीज आणि नेट

पर्वरीच्या फ्लॅटमधला फायबर आणि डिचोली-सांग्यातलं जुनं घर यांत फरक आहे. चवथीला पाऊस असतोच. माडाची एक झावळ तारेवर पडली की वाड्याची वीज गेली. इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, हिशेब करा. १२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. तूट आणि बॅटरीचं वय धरलं तर हजारच धरा. लॅपटॉपचे साठ, राउटरचे बारा, पंख्याचे साठ वॅट धरले तर सात-साडेसात तास. पण चवथीला त्याच इन्व्हर्टरवर मखराच्या माळा, देवखोलीतले दिवे आणि माणसांनी भरलेल्या घरातले चार पंखे असतात. मग दोन तासही कठीण. राउटरसाठी छोटा वेगळा यूपीएस मिळतो, तो घ्या. लॅपटॉप रात्री पूर्ण चार्ज करून ठेवा आणि भाच्याला त्यावर कार्टून बघू देऊ नका.

आपल्याकडे वीज असूनही नेट जातं, कारण केबलवाल्याचा रस्त्यावरचा डबाही विजेवर चालतो. वीज बराच वेळ गेली तर मोबाईल टॉवरची बॅटरीही संपते. म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम हवीत, आणि सणाच्या पंधरा दिवस आधी गावी एक फेरी मारून कुठल्या सिमला घराच्या कुठल्या कोपऱ्यात रेंज येते ते बघून यायला हवं. बऱ्याच घरांत ती माडीच्या खिडकीत किंवा तुळशीपाशी येते. तिथेही नसेल तर जवळचं ठिकाण हेरून ठेवा: साखळी, वाळपई, केपे, जे असेल ते. मात्र आदल्या दिवशी म्हापसा, फोंडा, डिचोलीच्या वाटेला जाऊ नका. माटोळीच्या बाजारामुळे पंधरा मिनिटांच्या रस्त्याला तास लागतो.

रेंज एकाच काडीची असेल तर लॅपटॉपवरचा ब्राउझर रडत बसतो, पण साधं टर्मिनल चालतं. मॉश नावाचं साधन अशा तुटक नेटवर एसएसएचपेक्षा (सर्व्हरवर लॉगिनच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा) चांगलं टिकतं; ते सर्व्हरवरही लागतं आणि त्याचे यूडीपी पोर्ट उघडावे लागतात, म्हणून आधीच बसवा.

चवथीचे दिवस

घरच्यांना तास सांगून ठेवा. ‘चवथीक सुद्दां लॅपटॉप?’ असं काका विचारणारच. ‘तीन ते चार, मग बंद’ एवढंच उत्तर पुरतं, फक्त चार वाजता तो खरंच बंद व्हायला हवा. दुपारची वेळ मी सुचवतो ती अनुभवाने: खतखतें, वडे, पातोळ्या पोटात गेल्यावर अर्धं घर आडवं होतं, कोणाला तुमची गरज नसते, आणि युरोपात तेव्हा सकाळ असते. पहाट शांत असते, पण सणाच्या दिवशी पहाटे अंघोळी, दूर्वा-पत्री, नैवेद्य यांची धांदल चालू असते आणि घरातला एक धडधाकट माणूस स्क्रीनकडे बघत बसलेला कोणालाच आवडत नाही.

त्या तासात क्रम ठरलेला ठेवा. आधी सर्व्हरचे इशारे, मग पैशांचे व्यवहार अडकले आहेत का, मग मेल. मेल आधी उघडली की तास तिथेच संपतो. नवा कोड लिहायचा नाही. सुचलेलं कागदावर टिपून ठेवा. इशारे आधीच गाळून घ्या: एकदा तपासणी चुकली म्हणून फोन वाजायला नको, लागोपाठ दोन-तीनदा चुकली तरच वाजावा.

साइट पडलीच तर पहिलं काम, ती खरंच पडली आहे की आपलंच नेट गेलं आहे हे बघणं. दुसऱ्या सिमवरून उघडून बघा. मग क्लाउडवाल्याचं स्थिती-पान. २०२५ च्या नरकचतुर्दशीला, २० ऑक्टोबरला, पहाटे नरकासुर जाळून, फोव (पोहे) खाऊन लोक निवांत झाले आणि दुपारी साडेबाराच्या आसपास अॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात डायनॅमोडीबी या डेटाबेसच्या डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा) घोळ होऊन निम्मं इंटरनेट आडवं झालं. अशा वेळी तुमच्या सर्व्हरवर तुम्ही काहीही केलं तरी उपयोग नसतो. उगाच रीस्टार्ट मारत बसलात तर नंतर तेही निस्तरावं लागतं. क्लायंटला पाच मिनिटांत दोन ओळी लिहा: काय बंद आहे, कोणाच्या हातात आहे, पुढचा निरोप किती वाजता. आणि तो निरोप त्या वेळी द्या, सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी.

दोष आपल्या बाजूला असेल तर सुट्टीत दुरुस्ती करायची नाही, मागची चालणारी आवृत्ती परत आणायची. मूळ दोष २१ तारखेला शोधा.

डिसेंबर वेगळा

इथे तयारी उलट्या दिशेने. परदेशी क्लायंटचं बिल १० डिसेंबरच्या आत पाठवा. वीसच्या सुमारास त्यांचा हिशेब विभाग घरी जातो तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच परततो, आणि उशिरा पाठवलेलं बिल फेब्रुवारीत भरलं जातं. अॅप स्टोअरवर काही चढवायचं असेल तर तेही लवकर. पूर्वी अॅपल नाताळात नवी अॅप घेणं बंदच ठेवायची. २०२१ पासून ते चालू असतं, पण तपासणी रेंगाळते.

गावच्या क्लायंटसाठी मात्र फ्रीझ १५ डिसेंबरपासून २ जानेवारीपर्यंत. त्याआधी दोन गोष्टी नक्की तपासा.

पहिली, खोल्यांचं कॅलेंडर. होमस्टेची स्वतःची साइट आणि बुकिंगचे मोठे प्लॅटफॉर्म आयकॅलच्या (कॅलेंडर वाटून घ्यायच्या) लिंकने जोडलेले असतात. प्रत्येक प्लॅटफॉर्म ती लिंक आपल्या सवडीने, काही तासांनी वाचतो. एरवी त्या फटीत काही घडत नाही. ३१ डिसेंबरच्या खोलीसाठी मात्र त्याच तासाभरात दोघे पैसे भरून बसतात. उपाय तांत्रिक कमी आणि व्यवहारी जास्त: २८ ते १ या तारखांच्या खोल्या आधीच वाटून टाका, अमुक खोल्या फक्त आपल्या साइटवर, बाकीच्या फक्त प्लॅटफॉर्मवर. मालक आधी कुरकुरतो. दाराशी सामान घेऊन उभ्या दोन कुटुंबांचं चित्र त्याला सांगा.

दुसरी, तारखांचा कोड. जावा आणि तत्सम भाषांत तारीख छापताना वर्षासाठी लहान वाय चारदा लिहायचा असतो. कोणी मोठा वाय लिहिला तर ते आठवड्याचं वर्ष होतं आणि वर्षभर बरोबर दिसून नेमकं डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर चुकतं. आठवडा सोमवारपासून धरणाऱ्या आयएसओ पद्धतीत २९ ते ३१ डिसेंबर २०२५ या तारखा २०२६ म्हणून छापल्या जातात. पुढच्या खेपेला उलटं, १ ते ३ जानेवारी २०२७ या तारखा २०२६ च्या दिसतील. आठवडा रविवारपासून धरणाऱ्या सेटिंगमध्ये दिवस आणखी वेगळे. सगळ्या कोडमध्ये मोठा वाय शोधा, पाच मिनिटांचं काम आहे. जोडीने यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, बघा: आपल्याकडे १ जानेवारीचे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा सर्व्हरवर ३१ डिसेंबरचे साडेसहा वाजलेले असतात. ‘आजचं चेक-इन’ ही यादी सर्व्हरच्या घड्याळावर काढली असेल, तर पहाटे साडेपाचपर्यंत रिसेप्शनवरच्या पोराला कालचीच नावं दिसत राहतील.

३१ च्या रात्री कळंगुट-बागा पट्ट्यात मोबाईल नेटच्या भरवशावर राहू नका. गर्दीत बार पूर्ण दिसतात आणि पान उघडत नाही. त्या रात्री जोडीदाराची पाळी तुमच्याकडे असेल तर फायबर असलेल्या घरातच बसा. २ जानेवारीला त्याचा युजर, तुमचे तात्पुरते अधिकार आणि सणापुरत्या उघडलेल्या कीज बंद करा, पंधरा दिवसांचे लॉग चाळा, थांबवून ठेवलेले लायब्ररींचे अपडेट आधी चाचणीच्या सर्व्हरवर चढवा, आणि तातडीच्या तासांचं बिल त्याच दिवशी पाठवा. महिनाभराने पाठवलं की ‘तेव्हा काय झालं होतं’ यावरच चर्चा सुरू होते.